बुटाच्या नाडीची गाठ

त्या सकाळी मुलीच्या पायाला कुणीतरी मफलर गुंडाळून ठेवला होता.

एमोके आपला गट घेऊन पायऱ्या चढत होती, तेव्हा तिला तो खालूनच दिसला. राखाडी लोकरीचा, घरी विणलेला, बुटाभोवती दोन वेढे देऊन मागे सेफ्टी पिनेनं अडकवलेला. डॅन्यूबच्या काठावरून मच्छीमारांच्या बुरुजाकडे चढणाऱ्या या पायऱ्यांच्या मधल्या वळणावर ती ब्राँझची मुलगी असते. पाच-सहा वर्षांची असावी. एक गुडघा जमिनीला टेकलेला, दुसरा पाय पुढे, मान खाली, दोन्ही हात बुटाच्या नाडीवर. सगळं अंग गडद तपकिरी, केसांच्या खाचांमध्ये हिरवट. फक्त पुढचा बूट आणि बोटांची टोकं सोन्यासारखी झळझळीत.

गट थांबला. बहुतेकांनी ही मुलगी आधीच फोनवर पाहिलेली होती. काहींनी तर बुडापेस्टमध्ये काय काय पाहायचं हे ठरवताना पार्लमेंटच्या खालोखाल हिचं नाव घातलेलं होतं.

"पण गाठ कुठाय?" एका बाईनं विचारलं. "हात लावायचा कुठे?"

"थंडी वाजत असेल तिला," तिचा नवरा म्हणाला, आणि सगळे हसले.

एमोकेही हसली. वाकून तिनं पिन काढली, मफलर सोडवला, घडी करून कठड्यावर ठेवला. मग नेहमीसारखी स्वतःची दोन बोटं आधी बुटावर टेकवली, म्हणजे हात कुठे आणि कसा लावायचा ते लोकांना कळतं, आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. खाली पाण्याकाठच्या वस्तीत बूट शिवणारा एक माणूस राहायचा. तो लढाईवर निघाला त्या दिवशी त्याची लेक इथे बसून नाडी बांधत होती. बाबा परत येईपर्यंत ही गाठ मी सोडणार नाही, असं ती म्हणाली. आणि बाबा परत आला. तेव्हापासून या गाठीला हात लावून ज्याचं नाव मनात घ्यावं, ते माणूस आपल्याकडे परत येतं.

लोकांनी रांग लावली. एकेकानं वाकून हात लावला, काहींनी डोळे मिटले, एक तरुण जरा जास्तच वेळ तिथे राहिला. एमोकेनं घाई केली नाही. घाई करायची नसते, हे तिला अनुभवानं कळलेलं होतं.

शेवटचा माणूस वर गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की खालच्या पायरीवर पिशवी घेऊन एक म्हातारी केव्हाची उभी आहे. ती वर आली, कठड्यावरचा मफलर उचलला, झटकला.

"हा तुम्ही सोडलात?"

"हो. लोकांना फोटो काढायचे होते. तुमचा आहे का?"

"माझा कसला? तिचा आहे." म्हातारी एका हातानं कठडा धरून हळूहळू गुडघ्यावर बसली आणि बुटाभोवती पुन्हा वेढे द्यायला लागली. "मी बांधते आणि कुणीतरी सोडतं. मला वाटायचं परदेशी पोरंटोरं असतील. तुम्ही तर आपल्यातल्याच निघालात. ती पिन द्या इकडे."

एमोकेनं पिन दिली. "कोण लागते ही तुमची?"

"बहीण," म्हातारी म्हणाली.

वरून गटातल्या कुणीतरी एमोकेला हाक मारली. येते, म्हणून ती निघाली. बुरुजावर पोचल्यावर तिनं नदीपलीकडच्या इमारती एकेक करून दाखवल्या, कुठल्या राजानं काय बांधलं ते सांगितलं. तोंड आपोआप चालत होतं.

गोष्ट तिची होती, यात काही संशय नव्हता. कुठल्या पुस्तकात नव्हती, कुणा आजोबांनी सांगितलेली नव्हती. एमोके आधी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. शाळेच्या पगारात भागेना म्हणून तिनं गाइडचा परवाना काढला आणि पहिल्याच पानगळीच्या हंगामात एक दिवस धुक्यात सापडली. बुरुजावरून पार्लमेंट दिसेना, साखळी पूल दिसेना, नदीही दिसेना. भिजलेली, कंटाळलेली माणसं पायऱ्यांवर थांबली, आणि एका दमलेल्या बाईनं विचारलं, ही कोण? पुतळ्याखाली नाव नव्हतं, कुणाचं नाव नसलेल्या अशा मुली, मच्छीमार, सायकलवाले जुन्या राजवटीत शहरभर बसवलेले आहेत. वर्गात एखादी गोष्ट माहीत नसली की एमोके सरळ माहीत नाही म्हणायची, दुसऱ्या दिवशी बघून यायची. पण इथे दुसरा दिवस नसतो. तिच्या तोंडून बूट शिवणारा बाहेर पडला. दमलेल्या बाईनं गाठीला हात लावला आणि ती रडायला लागली. त्या दिवशी एमोकेला वाटलं, आपण काहीतरी चांगलंच केलं.

पुढच्या हंगामापर्यंत ही गोष्ट बाकीचे गाइड सांगायला लागले. नंतर ती फोनवर गेली. मग ती कुणाचीच राहिली नाही.

आणि तिला रसायनशास्त्र येत होतं. ब्राँझवर हवेनं हळूहळू एक थर बसतो, तोच आतल्या धातूला सांभाळतो. हाताच्या घामात मीठ असतं, थोडं आम्ल असतं, आणि कातडी म्हणजे फार बारीक पॉलिशपेपरच. थर जातो, मग धातू जातो. एका हातानं काहीच होत नाही. म्हणूनच प्रत्येक हात निर्दोष असतो. हे सगळं तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उलट ती गटाला सांगायची, बघा कसा चमकतोय, केवढ्या लोकांच्या इच्छा!

दुसऱ्या दिवशी काम नसताना ती पायऱ्यांवर गेली. म्हातारी तिथेच होती, कठड्याला टेकून थर्मासमधला चहा पीत होती. मफलर जागेवर होता.

"आलीस?" म्हातारी म्हणाली. कालचं 'तुम्ही' आज गेलेलं होतं. "काल तू पळालीस तेव्हा वाटलं, ही काही आता येत नाही. बस. नाव काय तुझं?"

"एमोके."

"मी पिरोश्का. ही बोरी. बोरबाला."

बोरी पिरोश्कापेक्षा तीन वर्षांनी लहान. बुटाची नाडी बांधायला तिला पिरोश्कानंच शिकवलं होतं. दोन कान करायचे आणि एकाला दुसऱ्याभोवती फिरवायचं. बोरी डावरी होती, त्यामुळे ती उलटं फिरवायची. तिला ते जमलं त्याच आठवड्यात पोलिओ झाला. सत्तावन्न सालचा उन्हाळा. त्यानंतर ती उभी राहिली नाही. पण बूट मांडीवर घेऊन दिवसभर नाडी बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. पुढच्या वसंतात गेली. वडील मूर्ती ओतण्याच्या कारखान्यात साचे करायचे. पुढे नगरपालिकेला शहरात बसवायला पुतळे हवे होते, तेव्हा त्यांनी हा करून दिला. आपल्या मेलेल्या मुलीचा आहे असं म्हणायची सोय नव्हती. कागदावर लिहिलं, 'बूट बांधणारी मुलगी'.

"बाबांनी तिला जमिनीवर बसवलं," पिरोश्का म्हणाली. "बूट तिच्या पायात घातला, म्हणजे आता उठून चालायला लागेल अशी. आणि गाठ तिची केली, उलटी. येणाऱ्याजाणाऱ्याला काय कळणार त्यातलं? आई मात्र बघायला आली आणि गाठ बघूनच खाली बसली."

एमोकेनं मफलरखालच्या बुटाकडे पाहिलं.

"मी कधी हात लावला नाही गं," पिरोश्का म्हणाली. "घासेल म्हणून."

तिनं मफलर जरा वर सरकवला. बुटावर आता गाठ नव्हती. एक गुळगुळीत उंचवटा होता, लिंबाएवढा, मधे किंचित खोल. बोरीची बोटं त्याच्या दोन बाजूंना काहीच न धरता थांबलेली होती.

"मध्यंतरी कंबरेचं हाड मोडलं माझं. मुलीकडे होते सेगेदला, बरीच वर्षं. परत आले तर हे असं. कुणी मेल्यानं कसलीशी गोष्ट उठवलीय म्हणे."

"हो," एमोके म्हणाली. "सांगतात काहीतरी."

त्या क्षणी सांगता आलं असतं. तिनं थर्मासच्या झाकणातल्या चहाकडे पाहिलं, आणि तो क्षण गेला.

पिरोश्काला एकच हवं होतं. धातूचे पुतळे दुरुस्त करणारा एक माणूस तिनं शोधून काढला होता, तो म्हणाला होता, गाठीचा जवळून काढलेला एखादा स्पष्ट फोटो आणा, मी तशी बनवून बसवतो. तिच्याकडे एकच फोटो होता, पुतळा बसवला त्या दिवशीचा. त्यात सगळे नातेवाईक होते आणि बोरी अंगठ्याएवढी.

"उलटी होती एवढं सांगू शकते. पण ढिली होती की घट्ट? एक कान मोठा होता का? रोज बघायचे, आणि आता डोळे मिटले की नेमकं तेवढंच दिसत नाही. तू इथे लोक घेऊन येतेस ना? इतके फोटो काढतात मेले. बघ ना कुणाकडे जुना आहे का."

एमोकेनं बघितलं. त्या संध्याकाळी जेवण बाजूला ठेवून तिनं स्वतःचे जुने फोटो काढले, मग लोकांनी टाकलेले, पहिल्या वर्षापासूनचे, एकेक मोठा करून. बोरीचे केस होते, मान होती, झगा होता. हसणारी माणसं होती, एकमेकांना बिलगलेली जोडपी होती. आणि प्रत्येक फोटोत गाठीवर कुणाचा तरी हात होता. हात नसलेली गाठ कुणीच टिपलेली नव्हती. ज्या वर्षापासून लोक तिचे फोटो काढायला लागले, त्याच वर्षापासून ती झाकली गेली होती. सगळ्यात जुन्या फोटोत, धुक्यात, जो हात होता तो एमोकेचा होता.

मिळत नाही, एवढंच तिनं पिरोश्काला सांगितलं. का मिळत नाही ते सांगितलं नाही.

"बरं, मग एक कर," पिरोश्का म्हणाली. "उरलंय ते तरी राहू दे. मला इंग्रजीत एक वाक्य शिकव. हात लावू नका, ही माझी बहीण आहे. मी इथे उभी राहून सांगते."

एमोकेनं शिकवलं. पिरोश्का हुशार होती, दोन दिवसांत वाक्य जिभेवर बसलं. आणि ती खरोखर येऊन उभी राहायला लागली, कोट, टोपी, हातात काठी. गट आला की खणखणीत आवाजात सांगायची.

लोक थांबायचे, ऐकायचे. त्यांचे चेहरे मऊ व्हायचे. मग ते तिच्यासोबत फोटो काढायचे. एका मुलीनं तिला मिठी मारली. एकानं तिच्या पिशवीत नाणी टाकली, ती तिनं पायऱ्यांवरून घरंगळत फेकून दिली, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि जाता जाता प्रत्येकजण हात लावायचाच, फक्त पूर्वीपेक्षा जपून, हळुवार, दोन्ही हातांनी.

"कायतरी चुकीचं शिकवलंस तू मला," पिरोश्का म्हणाली.

"नाही हो मावशी. बरोबर आहे वाक्य."

"मग हे बहिरे आहेत का?"

एमोके रोज यायला लागली. थर्मास भरून आणायची, पिरोश्काला हाताला धरून पायऱ्या उतरवायची. "माझ्या पोरीनं इतकं केलं नसतं," पिरोश्का म्हणायची, आणि एमोके थर्मासचं झाकण पुन्हा घट्ट करायची. स्वतःचे गटही ती याच वाटेनं आणायची, कारण तसं ठरलेलं होतं, लोकांनी त्याचेच पैसे भरलेले असायचे. पिरोश्का असली की गोष्ट सांगायची नाही. नसली की सांगायची, आवाज खाली करून.

डिसेंबरच्या चार तारखेला बोरबालाचा नामदिन असतो, म्हणजे त्या नावाच्या सगळ्या बायकांचा सण. त्या सकाळी एमोके कुंडीतलं पांढरं सायक्लेमेन घेऊन गेली. ज्या बाईचा नामदिन असतो तिला फूल न्यायचं, हे इथे कुणी सांगावं लागत नाही. पिरोश्का आधीच आलेली होती. फूल बघून तिचा चेहरा उजळला.

"आईनंतर हिच्यासाठी कुणी फूल आणलेलं नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात खालून चोंगोर आला. तरणाबांड पोरगा, गाइडांमध्ये सगळ्यात बोलघेवडा, एमोकेला 'मास्तरीणबाई' म्हणणारा. त्याच्यामागे भलामोठा गट होता.

"वा, मास्तरीणबाई! आज पुतळ्यालाही फुलं? हंगाम जोरात दिसतोय." मग पिरोश्काकडे वळून, "आजी, तब्येत काय म्हणते? तुम्ही आलात की आमच्या गोष्टीला वजन येतं बघा. मी सांगतो, ही त्या बूट शिवणाऱ्याची पणती."

"पोरा," पिरोश्का म्हणाली, "ती गोष्ट तुला कुणी सांगितली रे?"

"मला? हिनंच की!" चोंगोरनं एमोकेच्या खांद्यावर थाप मारली. "म्हणजे काय, तुम्हाला माहीत नाही? अख्ख्या शहराला हिनंच दिलीय. धुक्यात काहीच दिसत नव्हतं, तेव्हा उभ्या उभ्या रचली. पुस्तक नाही, काही नाही! डोकं लागतं आजी त्याला. आमची तर ही गुरू आहे."

तो मनापासून कौतुक करत होता. गटाला हाक मारून त्यानं गोष्ट सुरू केली, आणि त्याच्या तोंडून एमोकेची वाक्यं एकामागून एक बाहेर पडायला लागली, तिनं जिथे श्वास घेतला होता तिथेच श्वास घेत.

पिरोश्का एमोकेकडे बघत होती. रागानं नाही. एखादा ओळखीचा चेहरा गर्दीत शोधावा तशी.

"मावशी, मी सांगणार होते."

"कुठल्या हातानं दाखवतेस?"

"काय?"

"लोकांना दाखवायला आधी स्वतः हात लावतेस ना, पहिल्या दिवशी बघितलंय मी. कुठला हात?"

"उजवा," एमोके म्हणाली.

पिरोश्कानं कुंडी उचलली, तिच्या उजव्या हातात दिली आणि काठी टेकत पायऱ्या उतरायला लागली. एमोके धरायला पुढे झाली, तशी तिनं काठीनंच तिला लांब ठेवलं.

त्यानंतर पिरोश्का आली नाही. नाताळ झाला, बर्फ पडून वितळलं. मफलर कुणीतरी नेला. एमोके गटाला आता खरं सांगायला लागली: बूट शिवणारा कुणी नव्हताच, गोष्ट मी रचलेली आहे, हात लावू नका. लोक हसायचे. सगळ्याच दंतकथा कुणीतरी रचलेल्या असतात, एक गृहस्थ समजुतीनं म्हणाले, आणि त्यांनी हात लावला. बोरीविषयी मात्र ती बोलली नाही. तो हक्क आपला नाही, एवढं तिला कळत होतं.

फेब्रुवारीत ती पिरोश्काच्या घरी गेली. पायऱ्यांच्या खालच्या गल्लीत तळमजल्यावर घर होतं. पिरोश्कानं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं.

"माफी मागायची असेल तर तिथूनच माग. थंडी आत शिरायच्या आत उरकून टाक."

एमोके पाठ केलेलं सगळं विसरली. "मला माहीत होतं काय होईल ते," ती म्हणाली. "मी रसायनशास्त्र शिकलेय. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असून रोज केलं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा गप्प बसले."

पिरोश्का दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "ये आत. पाय पूस."

स्वयंपाकघरात तिनं कॉफी ठेवली, पण एकाच कपात ओतली, स्वतःच्या.

"मी फिरले या दिवसांत," ती म्हणाली. "वर गेले, बुरुजावर, चर्चपाशी, राजवाड्यापाशी. जन्म गेला इथे आणि तिकीट काढून चर्च आतून आत्ता बघितलं. तुझ्यासारख्या गाइडांच्या मागे उभी राहून ऐकलं. तुम्ही लोक बोलता आणि माणसं तिकडे माना वळवतात. मेंढरंच. तू खरं सांगून पाहिलंस?"

"पाहिलं. ऐकत नाहीत."

"खोटं ऐकलं ना पण? मग खोटंच सांग. दुसरं. यांना खाज असते हात लावायची, ती काही जात नाही. दुसरीकडे ने त्यांचे हात."

"कशावर?"

"ते तू बघ. शिकलेली आहेस ना? ज्याला काही होणार नाही आणि जे कुणाचं नाही, असं काहीतरी बघ."

एमोके आठवडाभर टेकडी पायाखाली घालत होती. इतकी वर्षं जे दाखवत आली ते आता ती दुसऱ्याच नजरेनं बघत होती: हे किती घासलं जाईल? बुरुजाचा दगड चुनखडीचा, आम्लात विरघळणारा. चर्चच्या दाराची कडी जुन्या लोहारानं घडवलेली. पुलावरचे सिंह कुणीतरी जीव ओतून केलेले. राजवाड्याच्या फाटकावरचा पक्षी, कारंज्यातली शिकारी कुत्री, गल्लीतल्या घराच्या कोपऱ्यावरची इवलीशी मेरी, प्रत्येकावर कुणाची तरी बोटं आधीच फिरलेली होती, करणाऱ्याची. शेवटी टेकडीच्या दुसऱ्या बाजूला, वर येणाऱ्या गाडीरस्त्याच्या वळणावर, ती एका हापशापाशी थांबली. बिडाचा, निळा रंग दिलेला. असे शहरभर आहेत, कारखान्यात एकाच साच्यातून निघालेले, आणि रंग उडाला की पालिकेची माणसं येऊन पुन्हा निळा फासतात.

पिरोश्काला तिनं तिथे आणलं. पिरोश्कानं दांडा हलवून पाहिला. पाणी आलं.

"चालेल. आता गोष्ट. त्यात मेलेलं कुणी नको. वाट बघणारं नको. लहान मूल तर नकोच."

"मग उरलं काय मावशी?"

"स्वयंपाकी!" पिरोश्का म्हणाली. "राजाचा स्वयंपाकी. भाजलं बदक स्वतः खायचा आणि मांजरानं नेलं म्हणून सांगायचा. लसणाच्या वासावरून पकडला जायचा. मग इथे येऊन हात धुवायचा."

एमोकेला हसू आलं. "आणि?"

"आणि तेव्हापासून," पिरोश्का तिच्याकडे न बघता म्हणाली, "इथे जो हात धुतो, त्याचं आठवडाभराचं खोटं माफ होतं. कसं आहे? खपेल?"

एमोकेचं हसू गेलं. "खपेल," ती म्हणाली.

खपलं. लोकांना ते बूट शिवणाऱ्याच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडलं, कारण त्यात एकानं दांडा हलवायचा आणि दुसऱ्यानं हात धुवायचे असं होतं. नवरे-बायका एकमेकांना चिमटे काढायचे, म्हाताऱ्या बायका जावयाला पुढे ढकलायच्या. एमोके आधी स्वतः हात धुऊन दाखवायची. चोंगोरनं एकदा लांबून ऐकलं आणि पुढच्याच आठवड्यात बदकाचा हंस केला. मार्चच्या अखेरीस दोन-तीन गट एकाच वेळी हापशापाशी खोळंबायला लागले, आणि गाडीरस्त्यानं वर चढायचं म्हटलं की पायऱ्यांची वाट आपोआप सुटायची.

एका दुपारी पिरोश्का तिथे आली. रस्त्यापलीकडे काठी टेकून तिनं गट हात धुऊन जाईपर्यंत वाट पाहिली. एमोके ओले हात कोटाला पुसत तिच्याकडे गेली.

"पायऱ्यांवर आता कुणी नसतं," पिरोश्का म्हणाली. "सकाळभर बसले. एक पोस्टमन गेला, एक कुत्रा गेला."

"बरं झालं मावशी."

"झालं. आता एक राहिलंय." पिरोश्कानं स्वतःच्या गळ्यातला मफलर नीट केला, नवा होता, निळा. "तू तिकडून जात जाऊ नकोस."

"मी गट नेतच नाही आता तिकडून."

"गटाचं नाही म्हणत. तू. एकटीसुद्धा नको. तू थांबलीस की कुणीतरी बघतं, हिला इथे काय दिसतंय म्हणून." ती जरा थांबली. "आणि मलाही नको आहे."

एमोकेनं मान हलवली. पिरोश्कानं तिच्या बाहीवर क्षणभर हात ठेवला, की तोल सावरण्यासाठी धरला, ते कळलं नाही, आणि ती उतारानं निघून गेली.

एमोके तेव्हापासून घरी जाताना वळसा घेते. ट्राम एक थांबा पुढे पकडते. बुटाचं काय होत असेल ते तिला पाहायची गरज नाही, तिला ते माहीत आहे. हात लागायचे थांबले की आधी झळाळी मरते. मग गुलाबीसर तपकिरी छटा येते, पाऊस आणि धूर मिळून ती गडद करतात, काही वर्षांत बूट अंगाच्या रंगाचा होतो. हिरवा यायला मात्र आयुष्य जातं. रंग सगळा परत येतो. गाठ येत नाही, तो धातू हजारो लोकांच्या हातांवरून केव्हाच धुऊन गेलेला आहे.

एप्रिलमध्ये तिला राहवलं नाही. हापशापाशी तिनं चोंगोरला विचारलं, "पायऱ्यांवरून आलास का रे इतक्यात?"

"आलो की काल. खाली गर्दी होती म्हणून."

"मुलीचा बूट कसा दिसतो? काळवंडलाय?"

"बूट?" चोंगोर विचारात पडला. "बघितलं नाही बुवा. आता कोण बघतं तिच्याकडे? चला मास्तरीणबाई, तुमची माणसं खोळंबलीत."

एमोके वळली. गट अर्धवर्तुळ करून उभा होता, एकानं दांडा धरलेला होता. स्वयंपाकी, बदक, लसूण, सगळं तिनं सांगितलं, हसायच्या जागी थांबली. मग बाह्या वर करून तिनं दोन्ही हात नळाखाली धरले. पाणी हिवाळ्याइतकंच गार होतं. दांडा धरलेला माणूस उत्साहानं हापसत होता, आणि बस्स म्हणायचं तिला बराच वेळ सुचलं नाही.